अभ्यासक्रमात भेटलेली, मनात राहिलेली कादंबरी: खानदेशकरांनो, तुमचा अनुभव सांगा

बी.ए.ला मराठी घेतलेल्या सगळ्यांना विचारतोय. नेमलेलं पुस्तक म्हटलं की आधी गाईड आठवतं. तरी पेपर झाल्यावरही जी परत हातात घ्यावीशी वाटली, अशी तुमची कादंबरी कोणती?

माझी भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला', १९६३ सालची. मी यावल तालुक्यातला, एसटीने जळगावला कॉलेजात जायचो. सुरुवातीची पानं पुढे सरकेनात. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर सारखा 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' करतो, गोष्ट कुठे चाललीय कळेना. मग एका संध्याकाळी परतीच्या गाडीत मनीच्या मृत्यूपाशी आलो. त्याची धाकटी बहीण, देवीच्या रोगाने गेलेली. वाचता वाचता माझा फाटा मागे गेला. पुढच्या गावाला उतरून केळीच्या बागांमधून अंधारात चालत घरी आलो. मोठ्या शब्दांची ज्याला लाज वाटते तो मुलगा दुःख असंच सांगणार, हे त्या वाटेवर समजलं. नेमाडे आमच्याच तालुक्यातल्या सांगवीचे. आमच्याकडचा मुलगा पुण्याच्या होस्टेलात कसा बिचकतो, हे छापील पुस्तकात सापडेल असं कधी वाटलंच नव्हतं. पहिल्या वाचनात गोष्ट शोधू नका, एवढंच सांगेन.

धुळ्याहून:
आम्हाला रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' होती. बोली मराठवाड्याची, म्हणून मॅडम म्हणाल्या, मोठ्याने वाचा. मी चुलीजवळ बसून वाचायचे आणि आई कळण्याच्या भाकरी थापत ऐकायची. शिंप्याची बायको पार्बती सगळं सांगते; नवरा हट्टाला पेटतो, घर उसवत जातं. आई मध्येच तिच्याशी बोलू लागायची, "त्याले समजाड ना वं माय!" परीक्षेत पार्बतीच्या निवेदनावर प्रश्न आला. मी लिहिलेलं उत्तर खरं तर आईचं होतं.

शिरपूरहून:
मी शिक्षक. नोकरी करता करता बाहेरून बी.ए. केलं, तेव्हा व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' वाचली. १९५५चं पुस्तक, माणदेशातली धनगरांची वाडी; पण त्यातली रिकामी शाळा माझीच होती. सातपुड्यातला पाडा, मुलं पावरी बोलणारी, पहिल्या आठवड्यात वर्गात सहा जण. पुस्तकातला मास्तर आधी माणसं जोडतो, म्हणून मीही शाळा उघडण्याआधी पाड्यातल्या जुन्या माणसांजवळ जाऊन बसू लागलो. पोरं हळूहळू आली. शेवटी दुष्काळात वाडी ओस पडते, ती पानं मला अजून सलग वाचवत नाहीत. दिवाळीनंतर आमच्या पाड्यावरची कुटुंबं ऊसतोडीला निघतात, तेव्हा हजेरीपटावर तेच दिसतं.

अमळनेरहून:
'कोसला' तिसाव्या पानावर मिटून ठेवली होती. आज परत काढली. मनीपर्यंत जाते, मग लिहिते.