लिफ्टचं कोटेशन: ₹७,२०,७२०

००२ आबा: नमस्कार मंडळी. कोटेशन बघितलं. खजिनदारसाहेब, भागिले १६ करून आमच्या नावावर पण ४५,०४५ लावलेत. तळमजल्याला लिफ्ट कशाला लागते हो? तळघरात जायला?

खजिनदार: आबा, सभेत ठरलंय. आपण चहा घेऊन लवकर गेलात.

१०३ वहिनी: यात जीएसटी धरलाय का?

३०४ भाऊ: गच्ची गळत होती तेव्हा पण आबांचं हेच. आता तरी ऐका.

००२ आबा: आपण मध्ये बोलू नये. आपली बुलेट अजून माझ्या खिडकीखालीच आहे.

३०१ सर: भांडण राहू दे, आकडा बघा. ७२० आणि परत ७२०. कुठलाही तीन अंकी आकडा १००१ नं गुणा, असाच दोनदा येतो. १००१ म्हणजे ७ × ११ × १३.

२०२ पिंट्या: सर रिटायर झाले, तास काय संपला नाही 😂

३०१ सर: गप बस, ऐक. १ ते १६, कशानंही भागा, बाकी शून्य. असा हा सगळ्यात लहान आकडा. भाजक एकूण २४०. १६ घरं धरा, ४५,०४५. तळमजला सोडून १२ धरा, ६०,०६०.

००२ आबा: बघा! सर पण १२ च म्हणतात.

३०१ सर: मी भागाकार केलाय, आबा. बाजू घेतली नाही.

३०४ भाऊ: म्हणजे आम्हाला १५,०१५ चा भुर्दंड? वा रे वा!

१०३ वहिनी: जीएसटी धरलाय का?

२०२ पिंट्या: गाळेवाल्याला पण घ्या की. त्याची खोकी लिफ्टनंच वर जातात.

३०१ सर: तिथंच अडतंय. १७ नं भागलं की ४२,३९५ आणि वर ५ रुपये उरतात. १७ पण बसवायचे तर कोटेशन १,२२,५२,२४० चं पाहिजे.

२०२ पिंट्या: तेवढ्यात लिफ्ट पन्हाळ्यावर जाईल की! नाद खुळा 🙏

खजिनदार: ५ रुपये मी भरतो. विषय मिटवा.

००२ आबा: आधी दिवाळीच्या लायटिंगचा हिशेब द्या.

२०४ काकू: 🌺 जोतिबाच्या नावानं चांगभलं 🌺

१०३ वहिनी: तिसऱ्यांदा विचारतेय. जीएसटी धरलाय का???

३०१ सर: वहिनी, आकडाच सांगतोय. १८ टक्के धरून असेल तर मूळ किंमत ११८ भागांतले १०० भाग. ११८ म्हणजे २ × ५९, आणि ५९ नं ७,२०,७२० ला भाग जात नाही. मूळ किंमत ६,१०,७७९ रुपये ६६ पैसे निघते. असला दर कोण लावतंय? माझ्या मते कर वेगळा असणार.

खजिनदार: हो. शेवटच्या पानावर बारीक लिहिलंय. वेगळाच आहे.

३०१ सर: मग एकूण ८,५०,४४९ रुपये ६० पैसे. सोळांत प्रत्येकी ५३,१५३ रुपये १० पैसे.

३०४ भाऊ: बोंबला!

१०३ वहिनी: मी सकाळपासून काय विचारत होते?

००२ आबा: आमच्या चार घरांना शून्य लावा. शून्याला कशानंही भागा, बाकी राहत नाही. काय सर?

सेक्रेटरी: रविवारी सभा आहे. कृपया तोपर्यंत ग्रुपवर चर्चा नको.

१०३ वहिनी: कोटेशन शेवटच्या पानासकट आणा.