गावाकडून सुधारणांची मागणी करायची आहे, कोणती मागणी कोणाकडे न्यावी?

पांदणवाट (दिग्रस, जि. यवतमाळ) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या चार-पाच गावांतले तरुण मिळून एक यादी करत आहेत. राजकारणात आणि सरकारी धोरणात सामान्य माणसाला काय बदललेलं हवं आहे, त्याची. आतापर्यंत आलेले मुद्दे असे: आमदार-खासदारांना एकच पेन्शन, काम न करणाऱ्याला परत बोलावण्याचा अधिकार, ‘नोटा’ला (मतपत्रिकेवरच्या ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायाला) खरी किंमत, ग्रामपंचायतीचा हिशेब उघड्यावर, पैसेवारी (पीक किती आलं याचा सरकारी अंदाज) आणि पीकविम्यासाठी उत्पादन मोजायची कापणी गावासमोर, जिल्हा परिषदेच्या निवडणुका वेळेवर, आणि विदर्भाचा अनुशेष (मागे राहिलेला विकास).

हे सगळं ग्रामसभेत ठराव करून पाठवावं असा विचार आहे. पण ग्रामसभेच्या ठरावाला यातल्या कोणत्या मुद्द्यावर वजन असतं? आणि तो तालुक्याच्या फाइलीत पडून राहू नये म्हणून कसा लिहावा? जाणकारांनी सांगावं.

जुनंदप्तर

भाऊ, मुद्दे चांगले आहेत, पण एका कागदावर ठेवू नका. प्रत्येक मुद्द्यासमोर तो बदलण्याचा अधिकार कोणाला आहे ते लिहा. निवेदन बुडतं ते बहुतेक वेळा इथंच. संसदेचा विषय तहसीलदाराला दिला की तो ‘वरिष्ठांकडे सादर’ एवढा शेरा मारून मोकळा होतो, आणि त्याच कागदावर असलेला त्याच्या स्वतःच्या अधिकारातला विषयसुद्धा त्या शेऱ्याखाली जातो.

आमदारांची पेन्शन हा राज्याच्या कायद्याचा विषय आहे, तो विधिमंडळ बदलू शकतं. पंजाबने २०२२ मध्ये ‘एक आमदार, एक पेन्शन’ केलंच. खासदारांची पेन्शन मात्र संसदेच्या हातात, म्हणून हे दोन वेगळे अर्ज करा. आमदार-खासदार परत बोलावण्याची तरतूद आपल्याकडे नाही, त्यासाठी दिल्लीत कायदा बदलावा लागेल. ग्रामसभेच्या ठरावाने तिथं फक्त मत नोंदवलं जातं.

सरपंचाचं तसं नाही. थेट निवडून आलेल्या सरपंचावर अविश्वास आणायचा तर सदस्यांच्या तीन-चतुर्थांश बहुमतानंतर तो ग्रामसभेत गुप्त मतदानाने मंजूर व्हावा लागतो, आणि निवडणुकीनंतर पहिली दोन वर्षं तो आणता येत नाही. म्हणजे परत बोलावण्याच्या जवळपास जाणारा अधिकार गावाकडे आज आहे.

नोटाबाबत: महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढून नगरपालिका-महापालिका निवडणुकांत नोटाला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यायचं ठरवलं. म्हणून ‘नोटाला किंमत द्या’ असं मोघम लिहू नका. त्या आदेशाचा हवाला देऊन विधानसभा आणि लोकसभेसाठीही तसंच करावं, असं लिहा. आधी झालेल्या गोष्टीचा आधार दाखवला की नकार देणाऱ्याला कारण द्यावं लागतं.

मोजपट्टी

वरचं बरोबर आहे, पण माझा जोर तुमच्या चौथ्या मुद्द्यावर, ग्रामपंचायतीच्या हिशेबावर आहे. बाकी सगळं मागणं आहे, हा एकच मुद्दा असा आहे की जो पुढच्या ग्रामसभेपासून लागू करता येतो. आणि गावात न होणारी गोष्ट राज्याने करावी असं म्हणताना आपल्या शब्दाला धार राहत नाही.

‘हिशेब उघड करा’ एवढ्याने काहीच हाती लागत नाही. सभेत जमा-खर्चाचे दोन आकडे वाचतात, लोक माना हलवतात, सह्या होतात. मागायचं ते नेमकं मागा.

ग्रामपंचायत अधिनियमाच्या (१९५८ चा) कलम ८ प्रमाणे आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे वार्षिक लेखे, प्रशासन अहवाल आणि शेवटची लेखापरीक्षण टिप्पणी तिच्या उत्तरांसह ठेवायची असते. लेखापरीक्षणातले आक्षेप गावाला वाचून दाखवलेले फार कमी ठिकाणी आढळेल. तो कागद मागा. वसुलीपात्र रक्कम, व्हाउचर नसलेला खर्च, सगळं त्यात असतं.

स्वनिधीच्या (पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाच्या) अंदाजपत्रकात तीन आकडे आधी बघायचे: मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याण १० टक्के, दिव्यांग ५ टक्के. वित्त आयोगाचा पैसा वेगळा. पंधराव्या आयोगाच्या निधीत (२०२१-२२ ते २०२५-२६) ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच, आणि ४० टक्के अबंधित. बंधित पैशातून सभागृहाला रंग दिलेला दिसला तर तिथंच बोट ठेवा. मंजूर आराखडा आणि झालेली देयकं ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडत गेलं की मोबाइलवर दिसतात. सभेआधी छापून घ्या आणि प्रत्यक्षातल्या कामाशी ताडून बघा.

देयक निघायला सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (आपला ग्रामसेवक) या दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. घोळ असा होतो की दोन्ही सह्यांच्या किल्ल्या संगणक चालकाच्या टेबलात असतात. महिला सरपंचाच्या बाबतीत तर किल्ली तिच्या नवऱ्याच्या खिशात. ‘सरपंचाची डिजिटल सही सरपंचाच्याच ताब्यात राहील’ एवढा एक ठराव केला तरी बरंच काही थांबतं.

आता प्रत्यक्ष काम. गावातला सिमेंट रस्ता घ्या. अंदाजपत्रकात १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाड लिहिला असेल तर काँक्रीट ४५ घनमीटर लागतं. जाडी १० सेंटिमीटरच टाकली तर लागलं ३० घनमीटर. एम-२० प्रतीच्या काँक्रीटला घनमीटरमागे साधारण ८ पोती सिमेंट धरा: ३६० पोत्यांच्या जागी २४०. वरून बघून कोणालाच कळत नाही, लांबी-रुंदी तर बरोबर असते. हे कळतं फक्त कडेला, आणि तेही बाजूचा मुरूम भरण्याआधी. एकदा मुरूम दाबला की खोदल्याशिवाय पुरावा नाही. म्हणून टेप घेऊन उभं राहायची वेळ काम चालू असतानाची, बिल निघाल्यावरची नाही. दर दहा मीटरवर दोन्ही कडांची जाडी लिहा, मोजपट्टी दिसेल असा फोटो काढा आणि मग मोजमाप पुस्तिकेतल्या (एम.बी.) नोंदीशी जुळवा.

अजून एक. एकाच रस्त्याचे ‘अमक्याच्या घरापासून तमक्याच्या घरापर्यंत’ असे तीन तुकडे दिसले तर ते बहुधा ई-निविदेच्या मर्यादेखाली बसवण्यासाठी पाडलेले असतात. तिन्हींची मंजुरीची तारीख एकच आहे का ते तपासा. आणि ठेकेदार कोण? सदस्याचा पंचायतीच्या कामात हितसंबंध असेल तर कलम १४ प्रमाणे त्याचं सदस्यत्व जाऊ शकतं.

कागद देत नसतील तर माहिती अधिकार: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक अर्ज एक विषय, दीडशे शब्दांच्या आत. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. दुसरं अपील ९० दिवसांत, राज्य माहिती आयोगाच्या अमरावती किंवा नागपूर खंडपीठाकडे. ‘सर्व कामांची सर्व माहिती’ असं लिहिलं की ती मोघम म्हणून परत येते. कामाचं नाव आणि वर्ष लिहा, आणि तीनच कागद मागा: अंदाजपत्रक, एम.बी.ची नोंद, देयकाचं प्रमाणक.

काळीमाती (वाशीम)

पैसेवारीवर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आपल्याकडे यावर बोंब उठते ती आकडा जाहीर झाल्यावर. तोपर्यंत उशीर झालेला असतो.

खरिपाची पैसेवारी तीन टप्प्यांत निघते: सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित, आणि विदर्भात डिसेंबरअखेर अंतिम. ५० पैशांच्या खाली आली तर सवलती, वर गेली तर काही नाही. त्यासाठी गावपातळीवर समिती असते. मंडळ अधिकारी अध्यक्ष, सोबत तलाठी, सरपंच, सोसायटीचा अध्यक्ष आणि शेतकरी प्रतिनिधी. तुमच्या गावच्या समितीतले शेतकरी कोण, हे आधी विचारा. बऱ्याच गावांत त्या शेतकऱ्यालाच माहीत नसतं की आपण समितीत आहोत.

पीकविम्याचंही आता तेच. एक रुपयात विमा ही सोय २०२५ च्या खरिपापासून बंद झाली. सोयाबीनला शेतकऱ्याचा हिस्सा २ टक्क्यांपर्यंत, कपाशीला ५ टक्क्यांपर्यंत, आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावरून. म्हणजे महसूल मंडळातल्या मोजक्या प्लॉटवर अख्ख्या मंडळाचं ठरणार. ओलिताचा, धुऱ्यावरून उठून दिसणारा प्लॉट घेतला तर कोरडवाहूवाल्याचं मरण. प्लॉटचे गट नंबर आधीच निवडलेले असतात, ऐनवेळी ‘हे वावर बरं दिसते, इथंच टाका’ असं करता येत नाही.

म्हणून मागणी अशी लिहा: प्रयोगाचा गट नंबर, पीक, तारीख आणि वेळ किमान दोन दिवस आधी चावडीवर व गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर द्यावी, वजन झाल्यावर त्याच जागी पंचनाम्यावर हजर शेतकऱ्यांच्या सह्या घ्याव्यात आणि प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी. वजनाआधी काटा रिकामा शून्यावर आहे का, तेही बघा. दाणे ओले असताना केलेलं वजन आणि वाळल्यावरचं वजन, दोन्ही पंचनाम्यात आलं पाहिजे. ओल्या वजनावर उत्पादन जास्त दिसतं. यातल्या बहुतेक गोष्टींना कायदा बदलावा लागत नाही, जिल्हाधिकाऱ्यांचं आणि कृषी अधीक्षकांचं एक परिपत्रक पुरतं. ते मिळवणं ग्रामसभेच्या आवाक्यातलं आहे.

वैनगंगाकाठ (ब्रह्मपुरी)

मोजपट्टी भाऊंशी थोडा मतभेद. गावात टेप लावून उभं राहणं गरजेचंच आहे, पण वरचं बिघडलेलं असताना सगळा भार गावावर टाकू नये.

अमरावती, यवतमाळ, बुलडाणा, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्हा परिषदा २०१७ मध्ये निवडल्या गेल्या आणि त्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. घटनेच्या अनुच्छेद २४३-ई प्रमाणे मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी. झाली नाही, प्रशासक बसले. सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये चार महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. दरम्यान वित्त आयोगाच्या निधीतला पंचायत समितीचा १० टक्के आणि जिल्हा परिषदेचा १० टक्के वाटा, लोकनियुक्त मंडळ नसल्यामुळे अडकला. शाळाखोली गळत असेल तर गावाने विचारायचं कोणाला? सदस्यच नाही.

इथं मागणी अशी हवी: प्रभागरचना आणि आरक्षणाचं काम मुदत संपण्याच्या किमान एक वर्ष आधी सुरू करण्याचं बंधन राज्याच्या कायद्यात घाला. ‘निवडणुका वेळेवर घ्या’ हे तर घटनेत लिहिलेलंच आहे.

अनुशेषाचंही तसंच नेमकं करा. विदर्भ वैधानिक विकास मंडळ अनुच्छेद ३७१(२) खाली १९९४ मध्ये आलं, मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. ते असताना दरवर्षी मंडळाच्या कामकाजाचा अहवाल विधानसभेत ठेवावा लागत असे. मंडळ परत येईल तेव्हा येईल. सिंचन, रस्ते, आरोग्य यांवरचा जिल्हावार खर्च दर हिवाळी अधिवेशनात नागपूरला पटलावर ठेवा, ही मागणी आजही करता येते.

मार्गही आहे. आमदाराला नुसतं निवेदन देऊन फोटो काढू नका. त्यांच्याकडून लेखी घ्या की या विषयावर तारांकित प्रश्न टाकणार, लक्षवेधी लावणार की अशासकीय विधेयक आणणार. विधानसभेची विनंती अर्ज समिती असते, सदस्यामार्फत तिथंही अर्ज जातो. प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या बरीच आधी द्यावी लागते, म्हणून डिसेंबरच्या अधिवेशनासाठी दिवाळीआधीच कागद तयार हवा.

मोहफूल (धानोरा, गडचिरोली)

एक भर. तुमच्या चार-पाच गावांपैकी एखादं घाटंजी, केळापूर, राळेगाव, मारेगावकडचं अनुसूचित क्षेत्रातलं असेल तर त्याला पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा) लागू आहे. १९९६ चा कायदा, राज्याचे नियम २०१४ चे. तिथं पाड्याची, टोल्याची वेगळी ग्रामसभा घोषित करून घेता येते, स्वतःचा ग्रामसभा कोष असतो, आणि आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधी थेट येतो. त्या गावाचा ठराव वेगळा लिहा.

आमच्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाचं नाव सगळेच घेतात. तिथून उचलण्यासारखी मुख्य गोष्ट म्हणजे अभ्यास गट. विषय आधी अभ्यास गटात बसून समजून घ्यायचा, मग ग्रामसभेत, आणि निर्णय बहुमताने नाही तर सर्वसहमतीने. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूचा अधिकार हातात आला, त्यामागे अशा बैठकांची वर्षं आहेत. तुमची तरुण मंडळी यादी करत बसली आहेत, त्यांनाच अभ्यास गट करा.

पांदणवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. यादी आता अधिकाराप्रमाणे चार कागदांत वेगळी करतो. ताई, पंचनाम्याचं फार उपयोगी सांगितलं. मोजपट्टी दादा, हिशेबाच्या ठरावाचा एक नमुना द्याल का? आणि गणपूर्ती होत नाही, त्याचं काय करायचं?

मोजपट्टी

गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातलं जे कमी ते. झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. नको असलेले विषय मंजूर होतात ते याच दुसऱ्या सभेत, दहा-पंधरा माणसांवर. म्हणून पहिलीला शंभर माणसं आणता आली नाहीत तरी दुसरीला तुमची तीस ठेवाच. नोटीस सात दिवस आधी निघते. तुमचा विषय त्याआधी लेखी द्या आणि पोच घ्या, नाहीतर ‘ऐनवेळच्या विषयांत’ टाकून उरकतात. महिला सभा आधी होते, तिथूनही हाच ठराव आणा.

नमुना:

‘विषय: विकासकामांची अंदाजपत्रके व मोजमापे ग्रामस्थांसमोर ठेवणेबाबत. ठराव: ग्रामपंचायतीमार्फत होणाऱ्या प्रत्येक बांधकामाच्या अंदाजपत्रकाची प्रत काम सुरू होण्यापूर्वी, तसेच मोजमाप पुस्तिकेतील नोंदीची प्रत अंतिम देयक अदा करण्यापूर्वी किमान ७ दिवस ग्रामपंचायतीच्या सूचना फलकावर लावण्यात यावी. या कालावधीत आलेल्या लेखी हरकतींचा निर्णय झाल्याशिवाय देयक अदा करू नये. अशीच तरतूद सर्व ग्रामपंचायतींसाठी नियमांत करावी, अशी शिफारस ही ग्रामसभा शासनास करीत आहे. सूचक: … अनुमोदक: … ठराव सर्वानुमते मंजूर.’

प्रती गटविकास अधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि मंत्रालयातला ग्रामविकास विभाग यांना, शेवटच्या दोन स्पीड पोस्टाने. ठराव सभेतच प्रोसिडिंग बुकात लिहून घ्या, ‘नंतर लिहितो’ ऐकू नका. वाचून दाखवायला लावा, शेवटच्या ओळीखाली रेघ मारा आणि मगच सह्या करा. रेघ आणि सह्या यांत कोरी जागा राहिली की तिथं न झालेला ठराव येऊन बसतो. उठण्याआधी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून घ्या.