'श्ये-यी'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: आजच्या चिनी शाईचित्रांवर मराठीत लिहिते आहे. 'श्ये-यी' या चित्रशैलीच्या नावावर अडले. श्ये म्हणजे लिहिणं, यी म्हणजे मनातला आशय. 'मुक्त शैली' म्हटलं तर लिहिणं हरवतं. 'भावचित्र' चालेल का?

– नको. त्यातही लिहिणं नाहीच. तिथला चित्रकार बांबू काढत नाही, लिहितो. चित्रकार आणि सुलेखनकार चाओ मंगफू (१२५४–१३२२) यानं आपल्या एका चित्रावर कविता लिहिली आहे: खडक 'फेइबाइ'सारखे, झाडं प्राचीन मुद्रालिपीसारखी आणि बांबू लिहायचा तर अक्षराचे आठही फटकारे यायला हवेत. फेइबाइ म्हणजे 'उडतं पांढरं'. कुंचला कोरडा पडत जातो, वेगानं ओढला की फटकाऱ्यात कागदाच्या पांढऱ्या रेघा उरतात. हे हाताला अक्षरांमुळेच येतं. शिवाय 'श्वान' नावाच्या चिनी कागदावर शाई लगेच फुटते, खोडायची सोय नाही. काढलेली रेघ पुन्हा गिरवली की लगेच कळतं.

– शाईबद्दल एक. आपल्याला दौत आठवते, पण ती काजळी आणि सरसाची कांडी असते, दगडावर पाण्यात उगाळतात. आपली सहाण आणि चंदनाचं खोडच डोळ्यांसमोर आणा. लेखात 'उगाळणे' हे क्रियापद जरूर वापरा, फार नेमकं आहे.

– मग आजचे चिनी कलावंत श्यू बिंग यांचं काय? १९९९ साली नेपाळमध्ये त्यांनी डोंगर रेखाटले ते 'डोंगर', 'दगड' ही अक्षरंच लिहून. तिथे चित्र वाचताही येतं. उलट सुलेखनकार वांग तोंगलिंग अक्षरांवर अक्षरं चढवत जातात, शेवटी एकही वाचता येत नाही. माझ्या मते दोन्हीकडे 'लिहिणे' हेच क्रियापद टिकतं, 'श्ये-यी' मात्र सरसकट लावू नये.

– संस्कृतात लिख् म्हणजे ओरखडणं, रेखाटणं, लिहिणं, सगळंच. आलेख्य म्हणजे चित्र. उषेची सखी चित्रलेखा आठवा, तिनं काढलेल्या चित्रातूनच उषेनं अनिरुद्धाला ओळखलं. मिथिलेत आजही कोहबर, म्हणजे लग्नघरातलं भिंतीवरचं चित्र, 'लिहितात'. आपला 'आलेख' तेवढा गणिताच्या वहीत जाऊन बसला, याचं मला वाईट वाटतं.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. 'भावलेखन' लिहून पाहिलं, निबंधासारखं वाटलं. म्हणून 'श्ये-यी' तसाच ठेवते आणि क्रियापद बदलते. वाक्य असं झालंय: 'वू छांगश्वो (१८४४–१९२७) ढोलाच्या आकाराच्या दगडांवर कोरलेली प्राचीन अक्षरं आयुष्यभर गिरवत राहिले आणि त्याच मनगटानं त्यांनी वेली लिहिल्या.'

– 'लिहिल्या'ला अवतरणचिन्हं घालू नका.