मदत हवी आहे : आरोग्य संशोधन निधीच्या सल्लागार मंडळावर कोण असावं?

नमस्कार मंडळी. आमचा कोकणातला छोटा ट्रस्ट. वडिलांच्या स्मरणार्थ एका कुटुंबाने आम्हाला ३५ लाख दिले आहेत, ग्रामीण आरोग्यावरचं संशोधन आणि नवी साधनं यांसाठी. पैसे कुणाला द्यायचे हे सुचवायला सल्लागार मंडळ नेमायचंय आणि तिथेच आम्ही अडलोय.

नावं सुचतात ती सगळी मोठ्या कॉलेजांतल्या प्राध्यापकांची. त्यांचा अनुभव हवाच. पण महाडसारख्या ठिकाणी राहून डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीचा उपयोग दाखवून दिला. असा प्रस्ताव खेड्यातल्या डॉक्टरकडून आला, तर त्याचं मोल ओळखणारं माणूस मंडळावर असायला नको का? मला तर एखादी आशाताई आणि सर्पदंशातून वाचलेला एखादा शेतकरीही हवा आहे. विश्वस्तांना ते पटत नाही. 'त्यांना शास्त्र काय कळणार' म्हणतात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, माणसांवरचं संशोधन तपासून मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीत सामान्य व्यक्ती असावीच लागते, अध्यक्षही संस्थेबाहेरचा लागतो. आमचं मंडळ ती समिती नव्हे, पण तत्त्व इथेही लागू व्हावं असं मनापासून वाटतं.

दुसरी अडचण हितसंबंधांची. सल्लागाराच्याच विद्यार्थ्याचा अर्ज आला तर? त्यांनी त्या चर्चेतून बाहेर बसणं पुरेसं आहे, की असा अर्ज घ्यायचाच नाही?

अशा मंडळावर कुणी काम केलंय का? मानधन, मुदत, हितसंबंध जाहीर करण्याचा मराठी नमुना, काहीही चालेल. पुढच्या महिन्यात बैठक आहे.