पेढा, श्रीखंड आणि कुत्रा

‘कुत्र्याला दूध चालते, मग पेढ्याने काय बिघडणार?’ हा युक्तिवाद मला पटत नाही. बहुतेक प्रौढ कुत्र्यांना दुधातील लॅक्टोज ही नैसर्गिक साखर नीट पचत नाही, आणि एक किलो खव्यासाठी चार-पाच लिटर म्हशीचे दूध आटवावे लागत असल्याने पेढ्यात ते लॅक्टोज व स्निग्धांश दोन्ही दाट होऊन बसलेले असतात. जुलाब एकवेळ परवडले. पण एवढ्या स्निग्धांशाने स्वादुपिंडाला सूज आली, तर कुत्रे वारंवार ओकते, पाठीची कमान करून उभे राहते आणि अन्नाकडे ढुंकूनही पाहत नाही.

श्रीखंडाच्या चक्क्यातील बरेचसे लॅक्टोज निवळीबरोबर निघून जाते हे खरे, परंतु त्यात साखर आणि जायफळ येतेच. खिरीतले बेदाणे मूत्रपिंड निकामी करू शकतात. ‘शुगरफ्री’ मिठाईत झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असल्यास रक्तातील साखर अर्ध्या-एक तासात धोकादायकरीत्या घसरू शकते. अशा वेळी वेष्टन घेऊन थेट पशुवैद्याकडे जावे. धडधाकट, मोठ्या कुत्र्याने सांडलेला साधा पेढ्याचा कण चाटला, तर मात्र घाबरण्याचे कारण नाही. आमच्याकडे प्रसादाच्या वेळी कुत्र्यासाठी उकडलेल्या गाजराचा तुकडा ठेवतात.