डी अँड डीसाठी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, मिळून गोष्ट रचत डाइस टाकून खेळायचा खेळ) स्वतःचं जग बनवायलोय, आयडिया कुठनं आणू?

प्रश्न: ग्रुपसाठी होमब्रू सेटिंग, म्हणजे खेळासाठी स्वतः रचलेलं जग, लिहायलोय पण दरवेळी तेच एल्फ नि बर्फाळ डोंगर येतात, बेळगावात बसून बर्फ कुठनं सुचणार, सांगा की कायतरी.

खानापूरकर: भीमगडच्या जंगलात बारापेडे गुहा हायत, तिथली रॉटन जातीची वटवाघळं जगात मोजक्याच ठिकाणी सापडतात. खेळातलं भुयार, आयता डंजन की भावा!

किल्लेवाला: आधी बेळगाव किल्ल्यातली कमल बस्ती, जैन मंदिर हाय ते, बघून ये, १२०४ ची, रट्ट राजांच्या काळातली. मंडपात मान वर केलीस की छताला दगडी कमळ लोंबतंय, ते उमललं की दार उघडतं असं कर. नकाशा शेवटी काढ, नायतर त्यातच अडकतोस.

प्रश्नकर्ता: वटवाघळांचा पंथ फिक्स! पण कमळ उमलवायचं कसं?

खानापूरकर: ते प्लेअर शोधतील, तू गप बसून डाइस टाक.