आईला नागीण झालीय, असायक्लोव्हिर दिवसातून ५ वेळा… एवढ्या गोळ्या देऊ का?

सातारची_लेक:
आई ६६ वर्षांची, गावी असते. सोमवारपासून उजव्या कुशीत आग होत होती, आम्हाला वाटलं उसण भरली असेल, मंगळवारी रात्री पाठीपासून पोटापर्यंत फोडांचा पट्टा उठला. काल डॉक्टरांनी बघताक्षणी नागीण सांगितली, असायक्लोव्हिर ८०० दिलीय, दिवसातून ५ वेळा, ७ दिवस. शेजारच्या काकू म्हणतात गोळ्यांनी नागीण आत जाते, काव लावा, उतरवून घ्या, दोन्ही तोंडं जुळली तर माणूस राहत नाही. आईने घाबरून एकच गोळी घेतलीय. मागे किडनीच्या तपासणीत क्रिएटिनिन १.७ आलं होतं, ते डॉक्टरांना सांगायचं राहिलं. काय करू?

मेडिकलवाला:
ताई, आत्ताच डॉक्टरांना फोन करून क्रिएटिनिन सांगा. हे औषध किडनीतून बाहेर पडतं त्यामुळे डोस कमी करावा लागू शकतो, पाणी किती प्यायचं तेही विचारून घ्या. पण उद्यावर टाकू नका हो, हे औषध व्हायरसला मारत नाही, त्याची वाढ थांबवतं, म्हणून फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत चालू झालं तर जास्त फायदा. ५ वेळा कारण पोटातून जेमतेम १५-२० टक्केच रक्तात जातं आणि लवकर उतरतं. व्हॅलासायक्लोव्हिर शरीरात गेल्यावर असायक्लोव्हिरच बनतं, ते जास्त शोषलं जातं म्हणून ३ वेळा पुरतं, आईंना ५ वेळा जमत नसेल तर विचारून बघा, पण किडनीचा प्रश्न त्यालाही आहेच.

निशिगंध:
तोंडं जुळायची भीती आईच्या मनातून आधी काढा. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की तो व्हायरस मणक्याजवळच्या नसांच्या मुळाशी झोपून राहतो, पुढे जागा झाला की त्याच नसेवरून बाहेर येतो, आणि ती नस शरीराच्या एकाच बाजूची असते, म्हणून पट्टा मध्यावर थांबतो. माझ्या सासऱ्यांनी आठ दिवस काव लावली, फोड गेले पण दुखणं वर्षभर राहिलं, अंगाला सदरा लागला तरी कळवळायचे, नसांच्या दुखण्यावरची प्रीगॅबालिन घ्यावी लागली. गोळ्या वेळेत घेऊनही दुखणं राहू शकतं, तरी ते आठ दिवस आम्ही घालवले याचं मला अजून वाईट वाटतं. आणि कोणाला कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठा.

चंदू७१:
मला ताप येऊन गेला की ओठावर पुळ्या येतात, त्यालाही हीच गोळी दिलेली, मग ती पण नागीणच का?

मेडिकलवाला:
नाही, तो हर्पिस सिम्प्लेक्स, त्याच घराण्यातला दुसरा व्हायरस. औषध तेच चालतं पण डोस वेगळा असतो, उरलेल्या गोळ्या घरात कोणाला देऊ नका.

सातारची_लेक:
फोन झाला, डॉक्टरांनी डोस कमी करून दिला, सकाळपासून गोळ्या चालू केल्या. काकूंना मीच समजावलं. अजून एक, वहिनीला आठवा महिना आहे, ती त्याच घरात आहे, चालेल का?

निशिगंध:
वहिनीला कांजिण्या होऊन गेल्यात का ते आधी विचारा. झाल्या नसतील किंवा आठवत नसेल तर तिच्या डॉक्टरांना आजच कळवा, फोडांतल्या पाण्यातून तिला कांजिण्या होऊ शकतात. खपल्या धरेपर्यंत आईचे फोड झाकून ठेवा, टॉवेल वेगळा, आणि तोवर वहिनी माहेरी गेली तर उत्तमच.